तळ्यातले पाणी कोण राखते, आणि का?

घाटकोपर आणि भांडुपच्या पूर्वेला, ठाणे खाडीच्या काठावर मुंबई महापालिकेने वर्षानुवर्षे एक काम चालवले आहे. उपनगरांतले सांडपाणी मोठ्या तलावांत घ्यायचे, यंत्रांनी घुसळून त्यात हवा मिसळायची आणि जीवाणूंना त्यातली घाण पचवू द्यायची. वर्सोव्यालाही हीच पद्धत. आता तिथे नवी, मोठी केंद्रे उभी राहत आहेत, पण मूळ तत्त्व बदललेले नाही. कोळंबीच्या तळ्यात रात्रभर फिरणारी एअरेटरची चाके हेच करतात. पाण्यात प्राणवायू असला की घाण पचते, नसला की कुजते. महापालिकेच्या तलावात एखाद्या रात्री यंत्र बंद पडले तर खाडीचे नुकसान होते आणि ते कुणा एकाच्या खिशाला जाणवत नाही. मत्स्यशेतकऱ्याचे यंत्र बंद पडले तर सकाळी त्याचा हंगाम पाण्यावर तरंगताना दिसतो.

मत्स्यशेतकरी पाण्याची काळजी का घेतात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. उरलेले अर्धे अधिक अवघड आहे, कारण पाणी बांधाबाहेरही वाहते.

हा प्रश्न उपनगरांतल्या वाचकांपासून दूरचा नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंडमधल्या कितीतरी घरांची जमीन पेण, अलिबाग, पालघर किंवा सिंधुदुर्गात आहे आणि निवृत्तीनंतर तिथे शेततळे खोदून मासे सोडावेत, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात असतो. गोराई, मनोरी, मढच्या कोळीवाड्यांतली तरुण मुले समुद्रातला मासा कमी झाल्यावर खेकडे आणि जिताड्याच्या शेतीची चौकशी करतात. काही जण गच्चीवर बायोफ्लॉकची, म्हणजे सतत हवा देऊन जीवाणूंकडून घाण पचवत मासे वाढवण्याची, टाकी बसवायला निघालेले असतात. या सगळ्यांनी मासा कोणता, बाजार कुठला, हे विचारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा: पाणी सांभाळण्याचे काम आपण रोज, कंटाळा न करता, कोणत्या कारणासाठी करणार आहोत? कारण पक्के नसेल तर पद्धत टिकत नाही.

सर्वांत पक्के कारण पहाटेचे. तळ्यातला प्राणवायू दिवसा वाढतो आणि रात्री घटतो. उन्हात सूक्ष्म शेवाळ प्राणवायू सोडते. अंधार पडला की तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो संपवत राहतात. त्यामुळे सर्वांत धोक्याची वेळ पहाटे चारपासून सूर्योदयापर्यंतची. लिटरमागे 5 मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर मासा नीट खातो आणि वाढतो. तो 3 च्या खाली गेला की खाणे मंदावते आणि रोगाचा धोका वाढतो. आणखी खाली गेला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, कोळंबी काठाशी गोळा होते. हे दिसल्यावर केलेल्या धावपळीतून फार थोडे वाचते. ज्याने एकदा ही सकाळ पाहिली, त्याला एअरेटरचे महत्त्व कुणी पटवून द्यावे लागत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये नव्या पद्धती समाजात कशा पसरतात यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या मुळाशी आयोवातल्या मक्याच्या शेतकऱ्यांचा अभ्यास होता. शेतकरी नवी गोष्ट घेताना काय पाहतो, हे त्यांनी मांडले. फायदा उघड आहे का, आपल्या रीतीत बसते का, समजायला सोपी आहे का, थोड्यावर करून बघता येते का, आणि शेजाऱ्याच्या शेतात तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो का? तळ्यावर हे पाचही प्रश्न लावून पाहावेत. एअरेटर सगळ्यांत उत्तीर्ण होतो. तळ्यातून बाहेर सोडण्याआधी पाणी निवळायला वेगळे तळे ठेवणे मात्र जवळजवळ सगळ्यांत नापास होते. त्यासाठी जागा अडते, त्या जागेत मासा निघत नाही आणि फायदा होतो तो खाडीला किंवा खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला. त्यामुळे पहिली गोष्ट शेतकरी आपणहून करतो. दुसरीसाठी गट, खरेदीदार किंवा कायदा लागतो. जिथे पहिलीचा फायदा दुसरीशी जोडता येतो, तिथे संवर्धन लवकर रुजते, असे दिसते.

जोडायचे कसे, याचे सर्वांत सोपे उदाहरण खाद्याचे. मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. एक किलो मासा तयार व्हायला दीड किलो खाद्य लागले आणि त्यात 30 टक्के प्रथिने असली, तर त्या खाद्यातून सुमारे 72 ग्रॅम नत्र तळ्यात पडते. माशाच्या अंगी त्यातले 25 ते 30 ग्रॅम लागते. बाकीचे विष्ठा, अमोनिया आणि न खाल्लेल्या दाण्यांच्या रूपाने पाण्यात राहते. एक टन मासा काढला तर चाळीस-पंचेचाळीस किलो नत्र मागे उरले, म्हणजे 45 किलोच्या दोन गोण्या युरियात असते तेवढे. हा हिशेब कागदावर मांडला की शेतकऱ्याला दोन गोष्टी एकदम दिसतात: पैसा कुठे जातो आणि पाणी कशाने बिघडते.

म्हणून नव्या माणसाने सुरुवात खाद्यापासून करावी. तळ्यात चार ठिकाणी जाळीचे ट्रे सोडावेत, त्यांत थोडे खाद्य ठेवावे आणि दोन तासांनी वर काढून बघावे. दाणे उरले असतील तर पुढच्या वेळचे खाद्य कमी करावे. ढगाळ दिवशी, मुसळधार पावसात आणि पहाटे मासे वर आलेले दिसले त्या दिवशी खाद्य निम्मे किंवा बंद ठेवावे. उपाशी मासा एका दिवसात मरत नाही, गुदमरलेला मरतो. 20 सेंटिमीटर व्यासाची, काळे-पांढरे चार भाग रंगवलेली तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडावी आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजावे. 25 ते 40 सेंटिमीटरच्या दरम्यान दिसेनाशी झाली तर शेवाळ बेताचे आहे. त्याआधीच दिसेनाशी झाली तर शेवाळ दाटले आहे आणि पहाटेचा धोका वाढला आहे. ही तबकडी घरी बनते, तिला वीज लागत नाही आणि ती शेजाऱ्यालाही दाखवता येते. रोजचे आकडे वहीत लिहावेत: खाद्य, तबकडीची खोली, सकाळ-संध्याकाळचा सामू, मेलेले मासे. वही नसेल तर पाणी सांभाळल्याने किती वाचले हे कुणालाच कळत नाही, आणि जे कळत नाही ते दुसऱ्या वर्षी सुटते.

आता बांधाबाहेरच्या पाण्याकडे वळू. मुंबईहून भाऊच्या धक्क्याने किंवा पनवेलमार्गे गेले की पेण-अलिबागचा खारेपाट लागतो. इथे कित्येक घरांच्या मागे जिताड्याचे तळे असते. तळे पावसाच्या पाण्याने भरते, पावसाळ्यात खाडीत सापडणारी जिताड्याची पिल्ले त्यात सोडतात आणि लहान मासे खाऊन ती वाढतात. जिताडा खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात जगतो, म्हणून हे साधते. पण ही तळी, त्यांच्या शेजारची भातखाचरे आणि रोहू-कटला पाळणारी शेततळी सगळी एका बाहेरच्या बांधावर अवलंबून आहेत. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे म्हणून उघाडी. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षे भाताला नालायक होते. महाराष्ट्रात 1979 चा खारजमीन विकास कायदा आहे, बांधांची जबाबदारी असणारी सरकारी यंत्रणा आहे. तरीही खांड लहान असते तेव्हा ती बुजवायला गावचीच माणसे हवी असतात. इथे जमीन घेणाऱ्याने किंवा वडिलोपार्जित जमिनीत तळे खोदणाऱ्याने आधी उघाडी कुठे आहे, ती कोण उघडतो आणि बांधाची डागडुजी कोण करते हे विचारावे. त्या कामात आपला वाटा देणे हे गावावरचे उपकार नसून आपल्या तळ्याचा विमा आहे.

गोव्यातली खाजन शेती याच प्रश्नाचा अधिक जुना आणि अधिक कडू धडा देते. सुमारे 18 हजार हेक्टरांच्या या सखल जमिनी, बांध आणि मानस म्हणजे पाण्याची दारे यांवर शतकानुशतके चालल्या. पावसाळ्यात भात, आणि दारापाशी मासे-कोळंबी. दार कधी आणि किती उघडायचे, हे गावाच्या संस्थेच्या हाती होते. पुढे मासेमारीचा हक्क लिलावाने वेगळा जाऊ लागला. ज्याने पैसे मोजून मासेमारी घेतली, त्याला अधिक पाणी आत हवे असे. ज्याचे भात, त्याला नको. दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे राहू लागले, बांध खचले आणि बऱ्याच ठिकाणी भातही गेले. पाण्याचा निर्णय घेणारा आणि पाण्याचे परिणाम भोगणारा वेगळा झाला की काळजी संपते. भाडेपट्ट्याने तळे देणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे: एका हंगामाच्या करारावर आलेला माणूस गाळ काढणार नाही, बांधावर गवत लावणार नाही. करार किमान तीन-चार वर्षांचा करावा आणि गाळ काढण्याचा खर्च कुणाचा, हे त्यात लिहावे.

रोगाने मात्र जे शिकवले ते दुसऱ्या कशाने शिकवले नसते. 1994 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू भारतात आला आणि पूर्व किनाऱ्यावरची कोळंबीशेती एका-दोन हंगामांत कोसळली. शेतकरी रोगट तळे रिकामे करून पाणी कालव्यात सोडत. शेजारी त्याच कालव्यातून पाणी घेत. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण प्रत्येक जण दुसऱ्याचा रोग पंपाने आत ओढत होता. त्यानंतर सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे एम्पेडा, आणि आशियाई मत्स्यशेतीचे एक आंतरराष्ट्रीय जाळे यांनी आंध्रच्या खेड्यांत गट बांधायला सुरुवात केली. सगळ्यांनी एकाच आठवड्यात बीज सोडायचे, बीज एकत्र विकत घेऊन आधी तपासायचे, तळ्यात रोग दिसला तर आधी शेजाऱ्यांना सांगायचे आणि निर्जंतुक केल्याशिवाय पाणी सोडायचे नाही, असे साधे नियम होते. बोटांवर मोजण्याइतक्या तळ्यांतून सुरू झालेले हे काम काही वर्षांत शेकडो तळ्यांत गेले. त्यातूनच 2007 मध्ये लहान शेतकऱ्यांचे गट बांधणारी ‘नॅक्सा’ ही संस्था उभी राहिली. गटातल्या माणसाला शेजाऱ्याचे पाणी हे आपलेच पाणी वाटू लागले, कारण ते खरोखर होते.

पालघर-रायगडमध्ये एकाच खाडीवर चार-पाच तळी असतील तर असा गट बांधायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. एक व्हॉट्सॲप गट, एक तारीख आणि एक नियम पुरतो: पाणी सोडण्याआधी दोन दिवस सांगायचे.

याच संकटाच्या काळात न्यायालयही पुढे आले. 11 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनाऱ्यालगतच्या कोळंबीशेतीवर कठोर निर्बंध घातले आणि 2005 मध्ये किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा झाला. 2023 मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. किनारपट्टीवर खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यात शेती करायची तर नोंदणी हवी, बंदी असलेली प्रतिजैविके वापरता येत नाहीत आणि मोठ्या शेतांना सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते. महाराष्ट्रात यात कांदळवनाची भर पडते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली आणि 2018 मध्ये ती अंतिम निकालात कायम केली. कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. गोराईत किंवा मनोरीत कांदळवन तोडून तळे खोदण्याचा विचार कुणी मनात आणू नये.

कायद्याच्या भीतीने माणूस निरीक्षक असेपर्यंतच पाणी राखतो, हे खरे. पण कायद्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. निर्यातीचा माल घेणारे नोंदणी विचारतात, काढणीआधी प्रतिजैविकांची चाचणी होते आणि युरोपकडे निघालेला माल तिथे पुन्हा तपासला जातो. ज्याच्या तळ्याचे पाणी स्वच्छ, त्याला औषधांची गरज कमी आणि त्याचा माल परत येण्याची भीतीही कमी.

महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष 2012 मध्ये सुरू झाला आणि 2017 च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजनेने एक वेगळी वाट दाखवली. कांदळवन न तोडता त्याच्या आडोशाने खेकडे, पिंजऱ्यात जिताडा, खाडीत कालवे आणि शिंपले पाळायचे. गटांना खर्चाचा मोठा वाटा सरकार देते, उरलेला गटाने घालायचा. सिंधुदुर्गात बायकांचे गट यात पुढे आहेत. कालवे आणि शिंपल्यांना खाद्य लागत नाही, ते पाणी गाळून त्यातलेच खातात. पण म्हणूनच पाण्यातले जंतू आणि धातूही त्यांच्या अंगात साठतात. त्यामुळे शिंपले पाळणारा माणूस खाडीच्या स्वच्छतेबद्दल सर्वांत जागरूक असतो. नाल्याचे एक तोंड वरच्या अंगाला उघडले तर त्याचा व्यवसाय बुडतो. मालाड, वर्सोवा किंवा ठाणे खाडीत आज हा प्रयोग खाण्यासाठी करू नये. नाल्यांचे पाणी ज्या दिवशी प्रक्रियेविना यायचे थांबेल, त्या दिवशी या खाड्यांना पुन्हा तो मान मिळेल. ठाणे खाडी 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे, हे विसरता येत नाही.

सांडपाण्यावर मासे वाढतातच, असे म्हणणारे कोलकात्याकडे बोट दाखवतात. पूर्व कोलकात्याच्या 12,500 हेक्टरांच्या पाणथळीत खरोखरच शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढतात, पण तिथले मासेमार पाणी थोडे थोडे आत घेतात, उन्हात निवळू देतात आणि काठाने जलपर्णीचा पट्टा बांधून ठेवतात. पिढ्यांचे ते कसब आहे. शिवाय ते मुख्यतः घरगुती सांडपाणी. कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या नाल्यावर हा प्रयोग करू नये.

विदर्भातल्या मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाचे उदाहरण इथे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण त्यात ना रोगाची भीती होती, ना निर्यातीचा बाजार. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरम झुडूप माजले, देशी पाणवनस्पती गेल्या आणि देशी मासे कमी झाले. अभ्यासक मनीष राजनकर आणि ढीवर समाजातले पतिराम तुमसरे यांच्यासारख्यांनी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना सोबत घेऊन बेशरम उपटली, तलावाच्या काठाला देशी वनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला अंडी घालायला लागते, हे ज्ञान पुस्तकातले नव्हते, ढीवरांकडे होते. तलावात मासे आणि पक्षी परतले. माणसे तिथे आपल्याच ज्ञानाला मान मिळाला म्हणून पुढे आली. कोकणातल्या तळ्यावर गेलात तर गावातल्या जुन्या माणसाला आधी विचारा. पाणी कुठून येते आणि कुठे मुरते, हे त्याला ठाऊक असते.

गच्चीवरच्या टाकीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. 4 मीटर व्यासाच्या, 1 मीटर खोल टाकीत साडेबारा हजार लिटर, म्हणजे साडेबारा टन पाणी मावते. दर चौरस मीटरवर एक टन भार. इमारतीची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वापरभाराचा हिशेब धरून बांधतात. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय टाकी बसवू नये. जमिनीवर टाकी असली तरी बायोफ्लॉकमध्ये हवा काही तास बंद राहिली की मासे मरतात, म्हणून इन्व्हर्टर आधी आणि बोटुकली, म्हणजे माशांची पिल्ले, नंतर. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असते; हवा चालू ठेवून किमान एक दिवस ते तसेच राहू द्यावे.

पावसाळ्यापूर्वी कोकणातल्या तळेवाल्यांनी बांधाच्या आतल्या उतारावर चुना पसरावा, जादा पाणी वरच्या थरातून बाहेर जाईल अशी वाट करून तिला बारीक जाळी लावावी. निमखाऱ्या तळ्यात पावसाचे हलके गोडे पाणी वर तरंगते आणि खाली खारे राहते, अशा वेळी एअरेटर दिवसाही चालवावा. शंका असेल तर अंधेरीत वर्सोव्याला 1961 पासून असलेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, आपल्या जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे जावे. जाताना पाण्याचा नमुना न्यावा: स्वच्छ बाटली तळ्याच्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, कोपरभर खोलीवर बुडवून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावावे, थंड पेटीत ठेवावे आणि बाटलीवर तारीख, वेळ आणि तळ्याची खोली लिहावी. प्राणवायू मात्र बाटलीतून नेऊन कळत नाही. तो तळ्यावरच, पहाटे, मोजावा लागतो.